खांब पुण्याचा, मुले माडाची

हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास लिहावा, अशी संपादक मंडळाची स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु शाळेची स्थापना, इमारतीचे टप्पे आणि निकालांची चढती कमान यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकारी लेखण्यांनी या अंकात लिहिले आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे इतिहास टाळणार नाही. मात्र तो एका लाकडी खांबाचा इतिहास असेल.

ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना हा खांब निश्चित आठवत असेल. मैदानाच्या पश्चिम कोपऱ्यात, कडुनिंबाच्या सावलीत, भुसभुशीत मातीच्या हौद्यात आपल्या शाळेचा मल्लखांब उभा होता. एरंडेल तेलाने काळसर तुकतुकीत झालेल्या त्या लाकडाला हात लावला की तळव्याला दिवसभर वास राहत असे. नव्वदच्या दशकात मी येथे शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा संध्याकाळी पाच-सात मुले तरी त्यावर असत. पुढे ते व्यायामशिक्षक निवृत्त झाले. तासिका कमी झाल्या, शिकवण्यांच्या वेळा वाढल्या आणि खांबाच्या बुडाला वाळवी लागली. एका उन्हाळी सुट्टीत तो उपटून काढण्यात आला, हौदा बुजवून त्यावर फरशी बसवण्यात आली. आज तेथे सायकली आणि दुचाकी उभ्या असतात. त्या ठरावावर शिक्षक प्रतिनिधी म्हणून माझीही सही आहे. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही; मीही घेतली नाही.

या सहीची आठवण मला दोन वर्षांपूर्वी नारायणपूरला झाली. रायपूरच्या दक्षिणेस, अबूझमाडाच्या उंबरठ्यावर वसलेल्या त्या गावी काही शिक्षकांसह गेले असता तेथील आदिवासी मुलांचा मल्लखांबाचा सराव पाहण्याचा योग आला. मुले हां हां म्हणता खांबाच्या बोंडावर चढत, एका पायाच्या तिढ्यावर शरीर तोलत, दोन्ही हात सोडून देत. सराव संपल्यावर एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मी काहीशा अभिमानाने म्हटले, “बाळ, हा खेळ आमच्या महाराष्ट्रातला बरे का!” त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अगदी सरळपणे विचारले, “मॅडम, तुमच्या शाळेतला खांब केवढा आहे?”

आहे की नाही, असे त्याने विचारले नाही. तो असणारच, हे त्याने गृहीत धरले होते. मला उत्तर देता आले नाही. पुढील लेखन हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

खांबाची जन्मकथा

मल्लांनी खांबावर मेहनत करण्याची चाल फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. त्यानंतर कित्येक शतके ही विद्या जणू अंधारातच राहिली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांच्या हातून.

परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी : निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांनी उपासना केली. तेथे त्यांना मारुतीचा साक्षात्कार होऊन खांबावरील पकडी आणि उड्या सुचल्या, अशी श्रद्धा आहे. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबाने माघार घेतली. कथेतील दैवी भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षात राहते. ही विद्या दरबारात सुचली नाही. ती झाडे, खडक आणि माकडे यांच्या सहवासात, डोंगरावर सुचली. नागरी आखाड्याने ती पुढे नियमांत बसवली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेला आणि त्याच्यासोबत मल्लखांबही उत्तरेत गेला. तेथून काशी, बडोदे अशा ठिकाणी शिष्यशाखा पसरल्या. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकरावांनी ही परंपरा जोपासली. अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९२५ पासून दादरच्या समर्थ व्यायाममंदिराने मुंबईच्या मुलामुलींना घडवले. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला.

अढी, तेढी, दसरंग, फरारा, वेल, सुईदोरा, ताजवा ही सारी परिभाषा मराठी आखाड्यांत घडली. म्हणूनच या खेळाचे नाव निघाले की आपली मान आपोआप ताठ होते. त्याच ताठ मानेने मी त्या मुलाशी बोलले होते.

माडाकडे जाणारी पहिली मराठी वाट

इतिहास शिकवणाऱ्या व्यक्तीला आपल्या अभिमानाबरोबर आपली वहीही उघडावी लागते. रायपूरच्या मराठी समाजाची मुळे भोसल्यांच्या राजवटीत आहेत, हे आपण सारे जाणतो. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडात शिरले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार केला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश भोसल्यांच्या नावाने ओळखला गेला. त्या काळी आलेली मराठी घराणी येथेच राहिली, छत्तीसगढी बोलू लागली आणि तरीही घरात मराठी टिकवून राहिली. आपली शाळा त्याच टिकून राहण्याचे फळ आहे.

परंतु याच कथेचे एक पान दक्षिणेकडे, बस्तरच्या जंगलात उलगडते. ६ एप्रिल १७७८ रोजी झालेल्या कोटपाडच्या तहाने बस्तरच्या राजाने भोसल्यांचे वर्चस्व मान्य केले आणि वार्षिक टाकोळी, म्हणजे खंडणी, देण्याचे कबूल केले. खंडणी राजा भरतो, पण ती शेवटी जंगलातल्या माणसाकडूनच वसूल होते. १८२४ मध्ये परलकोटचा जमीनदार गेंदसिंह याच्या नेतृत्वाखाली अबूझमाडिया लोक मराठे आणि इंग्रज या दोघांच्याही विरुद्ध उठले. धनुष्यबाण घेऊन ते लढले. चांद्याहून सैन्य आले, उठाव मोडला आणि २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहाला त्याच्याच वाड्यासमोर फाशी देण्यात आले.

बाळंभटदादा आणि गेंदसिंह हे स्थूलमानाने एकाच काळातले. एकीकडे मराठी मुलखात खांबावरची विद्या बहरत होती आणि दुसरीकडे मराठी सत्तेचे लोक माडाकडे वसुलीसाठी जात होते. त्या वेळी या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. दोन शतकांनी तो जुळला. मराठी मुलखातून या वेळी तेथे पोहोचला तो एक खेळ. हे ऋण फेडणे आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते फेडायला आपण गेलोच नव्हतो. खेळ आपल्या वाटेने तेथे गेला.

जाता जाता आणखी एक धागा. बस्तरची हलबी बोली ऐकताना मराठी कानाला ओळखीचे शब्द आणि लकबी भेटतात. ग्रिअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हलबीचा समावेश मराठीच्या खंडात केला होता. तिच्या कुळाविषयी भाषातज्ज्ञांत मतभेद आहेत. तरीही शेजार किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

जंगल नावाचे मैदान

अबूझमाड सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ वनप्रदेश आहे. त्याचा पश्चिम कडा महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याला, भामरागडच्या जंगलाला भिडतो. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे राहणारे माडिया लोक एकच. डॉ. प्रकाश आमटे यांच्या हेमलकशामुळे मराठी वाचकाला पलीकडचा माडिया परिचित आहे. अलीकडचा मात्र रायपुरात राहूनही आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

या प्रदेशातील मूल चालू लागले की त्याचे क्रीडांगण सुरू होते. चिंचा, चारोळी, तेंदू यांसाठी झाडावर चढणे, ओढ्यात मासे धरणे, उतारावरील ‘पेंडा’ शेतीत पाखरे हाकणे, लहान धनुष्याने नेम धरणे ही कामे आहेत आणि खेळही आहेत. मांड्यांनी खोड आवळून हात मोकळे ठेवणे ही मल्लखांबातील अढीची पहिली पायरी होय. माडाच्या मुलाला ती पुस्तकातून किंवा शिट्टीच्या इशाऱ्यावर शिकावी लागत नाही. फळ हवे असेल तर ती यावीच लागते.

या शिक्षणाला संस्थाही होती. मुरिया गोंडांचा घोटुल म्हणजे गावातील तरुण मुलामुलींचे सामुदायिक घर. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे घोटुलाकडे जगाचे लक्ष गेले. दुर्दैवाने पुष्कळांनी त्याकडे केवळ कुतूहलाच्या, क्वचित हीन नजरेने पाहिले. परंतु शिक्षिकेच्या दृष्टीने पाहता घोटुलातील ‘चेलिक’ आणि ‘मोटियारी’ यांचे जीवन फार शिस्तीचे होते. तेथे पदे होती, कामांची वाटणी होती, चुकणाऱ्याला दंड होता. लिंगो या आदिपुरुषाने घालून दिलेल्या परंपरेनुसार मोठी मुले लहानांना नृत्य, वाद्ये आणि खेळ शिकवीत. वस्ताद आणि पट्टे यांचा आपला आखाडाही याच तत्त्वावर उभा होता : थोरल्याने धाकट्याला धरून शिकवायचे.

रायपूर परिसरातील खेळांकडे वळले तर हा शेजार अधिकच जवळचा वाटतो. छत्तीसगडात हरेलीला मुले गेडीवर चढतात. दोन उंच बांबू, त्यांना दोरीने आवळलेले पाय ठेवायचे आधार, एवढेच साहित्य. पावसाच्या चिखलातून त्यावर तोल सांभाळत धावायचे. बस्तरचे मुरिया तरुण तर गेडीवर चढून नाचतात. ही हरेली येथील पंचांगाप्रमाणे श्रावण अमावास्येला येते, म्हणजे आपल्या गणनेतील आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. आपल्या घरांत पाटावर दिवे मांडून पूजा चालते, त्याच दिवशी दाराबाहेर शेतकरी नांगराची पूजा करतो आणि त्याची मुले गेडी घेऊन निघतात. लहानपणापासून मी हे पाहत आले आहे. पण आई आम्हाला गेडीवर चढू देत नसे. “आपला खेळ नव्हे तो,” असे ती म्हणे.

तो आपला नव्हता, हे कितपत खरे होते? त्यांचा भौंरा तो आपला भोवरा. त्यांची बाटी ती आपली गोटी, पिट्ठुल ती लगोरी, गिल्ली-डंडा तो विटीदांडू. फुगडीला तर दोन्हीकडे नावही तेच. छत्तीसगढी मुली उकिडव्या बसून, पाय आळीपाळीने पुढे टाकत जी फुगडी घालतात, ती म्हणजे आपल्या आजीची बसफुगडी. माणसांनी सीमा आखल्या तरी खेळ त्या ओलांडून ये-जा करीतच असतात.

हिरावलेले मैदान

हे सारे वर्णन करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माडाचे बालपण म्हणजे केवळ फुले-पाखरे नव्हेत. मलेरिया, कुपोषण, शाळेची आणि दवाखान्याची कित्येक कोसांची पायपीट यांनी ते ग्रासलेले होते. त्यात गेल्या काही दशकांच्या सशस्त्र संघर्षाने जंगल हेच भयाचे ठिकाण केले. २००५ नंतरच्या वर्षांत बस्तरमध्ये अनेक शाळांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या, गावे ओस पडली. त्या मुलांसाठी मोठ्या रस्त्यांलगत बांबूच्या आणि तात्पुरत्या बांधणीच्या निवासी शाळा उभारल्या गेल्या. लोक त्यांना ‘पोटा केबिन’ म्हणतात. मुलांचे शिक्षण वाचले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु झाड, ओढा, उतार ही त्यांची अंगभूत मैदाने मागे राहिली. वसतिगृहाच्या चार भिंतींत बसलेल्या या मुलांच्या हातापायांना काम काय द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न जगातील अनेक मूलनिवासी समाजांपुढे आला आहे. कॅनडात शासनाने आणि चर्चसंस्थांनी चालवलेल्या निवासी शाळांत तेथील मूलनिवासी मुलांची भाषा आणि जीवनरीत मोडून काढण्यात आली. त्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांपैकी पाच केवळ खेळाविषयी आहेत, हे वाचून मला प्रथम आश्चर्य वाटले. नंतर त्याचे मर्म कळले. ज्या समाजाची जमीन आणि भाषा काढून घेतली, त्याच्या मुलांना आपल्या शरीराविषयी पुन्हा विश्वास वाटावा, यासाठी खेळ हा औषधोपचाराइतकाच आवश्यक मानला गेला.

आपल्या देशात याचे भान फार पूर्वी एका माणसाला होते. छोटानागपूरच्या मुंडा समाजातील जयपालसिंह यांनी १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व केले आणि भारताने पहिले सुवर्णपदक जिंकले. पुढे हेच जयपालसिंह संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी उभे राहिले. मैदानावरचा कर्णधार आणि सभागृहातील प्रवक्ता ही एकाच आत्मविश्वासाची दोन रूपे होती.

नारायणपूरचा खांब

नारायणपुरात १९८५ मध्ये रामकृष्ण मिशनचा आश्रम सुरू झाला. निवासी शाळा, दवाखाना, शेतीचे प्रशिक्षण यांबरोबरच आश्रमाने खेळाला पहिल्यापासून मानाचे स्थान दिले. कुतुल, आकाबेडा, इरकभट्टी अशा आतल्या गावांपर्यंत त्याची केंद्रे पोहोचली. २०२४ मध्ये आश्रमाच्या मैदानावर वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा झाली. ज्या गावाचे नाव एरवी केवळ चकमकींच्या बातमीत यायचे, ते देशाच्या क्रीडापानावर आले.

मल्लखांबाचा धागा मात्र वेगळ्या हातांनी विणला. छत्तीसगड सशस्त्र दलाचे जवान मनोज प्रसाद यांची नेमणूक नारायणपूर भागात होती. २०१६-१७ च्या सुमारास त्यांनी तेथील आदिवासी मुलांना मल्लखांब शिकवण्यास आरंभ केला. त्यातून अबूझमाड मल्लखांब अकादमी उभी राहिली. ज्या प्रदेशात गणवेशातील माणूस दिसताच मुले घरात पळत, तेथे एका जवानाभोवती मुले गोळा झाली. या घटनेचे महत्त्व कोणत्याही पदकाहून अधिक आहे, असे मला वाटते.

पदकेही आली. खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत २०२२ च्या पंचकुला येथील स्पर्धेपासून मल्लखांबाचा समावेश झाला आणि छत्तीसगडची मुले राष्ट्रीय पातळीवर चमकू लागली. २०२३ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ या स्पर्धेत अबूझमाडच्या चमूने विजेतेपद मिळवले, तेव्हा रायपूरच्या घराघरांत लोकांनी ते पाहिले. आपल्यापैकी अनेकांना आपल्याच राज्यातील या मुलांची ओळख त्या रात्री प्रथम झाली असेल.

ही मुले पाहून पुष्कळ जण म्हणतात, “त्यांच्या रक्तातच आहे ते.” या वाक्यात कौतुक असले तरी अन्यायही आहे. जंगलाने त्यांना लवचीक, निर्भय शरीर दिले हे खरे. परंतु त्या शरीरातून खेळाडू घडला तो पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मेहनतीने, मार्गदर्शकाच्या धाकाने आणि जिव्हाळ्याने, वेळेवर मिळणाऱ्या जेवणाने. मी पाहिलेल्या सरावात एक मुलगा एकच उडी सलग बारा-तेरा वेळा चुकला. प्रत्येक वेळी तो हाताला राख चोळून पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला. याला रक्त म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात. आपल्या मुलांचे गुण आपण अभ्यासाचे मानायचे आणि त्यांचे गुण जन्माचे, हा दुजाभाव शाळेत तरी नसावा.

दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. हा खेळ माडात रुजला, कारण तेथील जमिनीने आधी जे शिकवले होते त्याच्याशी तो जुळला. एखादा उपक्रम वरून लादला गेला की अनुदान असेतोवर चालतो. मुलांच्या अंगी असलेल्या विद्येला तो जाऊन मिळाला की टिकतो. महाराष्ट्रात मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ अंतर्गत एव्हरेस्ट सर केले, तेव्हाही हेच दिसले. डोंगर त्यांना नवा नव्हता. बर्फ आणि विरळ हवा नवी होती आणि तेवढ्याचेच प्रशिक्षण त्यांना घ्यावे लागले.

छत्तीसगडातही अलीकडे याची जाण वाढली आहे. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडी, फुगडी, भौंरा, बिल्लस, संखली अशा १४ खेळांच्या स्पर्धा झाल्या आणि आजी-नाती एकाच मैदानात उतरल्या. २०२४ च्या बस्तर ऑलिंपिकमध्ये सात जिल्ह्यांतून दीड लाखाहून अधिक खेळाडूंनी नावे नोंदवली. हिंसेचा मार्ग सोडून आलेले तरुणही त्यात खेळले. शासने बदलतात, उपक्रमांची नावे बदलतात. पण खेळण्याची इच्छा खालून वर आलेली असेल, तर नावांवाचून फारसे अडत नाही.

आपला खांब

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येते.

मल्लखांब ज्यांनी घडवला, त्यांच्या वंशजांच्या शाळेत आज तो नाही. आणि ज्यांच्या पूर्वजांकडून आपल्या पूर्वजांनी खंडणी घेतली, त्यांच्या मुलांनी तो जिवंत ठेवला आहे. या वस्तुस्थितीकडे लाजेनेच पाहावे, असे मला म्हणायचे नाही. खेळ ही कोणाची वडिलार्जित मालमत्ता नसते. ज्याच्या तळव्याला त्याचा वास येतो, त्याचा तो असतो. वारसा सांगायचा तर तो हातांनी सांगावा लागतो, हे त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने मला शिकवले.

पालकांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत संगणक, इंग्रजी संभाषण आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी विचारणा असते आणि ती रास्तच आहे. मातीत खेळायला मिळेल का, असे मात्र वर्षाकाठी एखादाच पालक विचारतो. “पडला तर?” हा प्रश्न नेहमी येतो. मुले पडतात. मातीत पडलेली मुले उठतातही. शाळेच्या प्रांगणात फरशी वाढत गेली आणि माती आटत गेली, यात शाळेचा दोष आहे, तसा तुमच्या-माझ्या भीतीचाही वाटा आहे.

मोठ्या घोषणा करण्याचा माझा स्वभाव नाही आणि निवृत्तीलाही फार काळ उरलेला नाही. म्हणून जे ठरले आहे तेवढेच सांगते. शाळा समितीने वाहनतळ मागील दाराशी हलवण्यास मान्यता दिली आहे. पश्चिम कोपऱ्यातील फरशी या दिवाळीच्या सुट्टीत काढली जाईल. सागवानी खांबाचा खर्च एका जुन्या तुकडीने उचलला आहे. त्यांनी नाव देऊ नये असे बजावले आहे. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब निंबाजवळच्या लोखंडी चौकटीला टांगला जाईल. शिकवायला कोणी हवे, म्हणून नारायणपूरला पत्र पाठवले आहे. तेथील थोरल्या मुलांपैकी कोणी सुट्टीत काही दिवस येऊन आमच्या धाकट्यांना धडे द्यावेत, अशी विनंती केली आहे. येत्या हरेलीला गेड्याही आणायच्या आहेत. त्या बांधून देण्याचे आमच्या शाळेच्या शिपायांनी कबूल केले आहे. त्यांच्या गावी अजून घरोघर गेड्या बांधतात आणि या कामात ते आम्हा सर्वांचे गुरुजी आहेत.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी जुन्या खांबावर हात घासले आहेत, त्यांनी एखाद्या संध्याकाळी अवश्य यावे. उडी मारता आली नाही तरी चालेल. पकड कशी घ्यायची, एवढे लहानांना दाखवता आले तरी पुष्कळ झाले.

त्या मुलाचे नाव मी विचारून ठेवले आहे. खांब उभा राहिला की त्याला पत्र लिहीन आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर देईन : जमिनीवर अडीच मीटर, आणि बाकीचा मातीत.